ओवीची फुंकर

रोज ज्या पोथीला हात लावते, तिच्यावर हात ठेवून सांगते. यात माझ्या पदरचं काही नाही.

गेल्या वर्षीचा ऑक्टोबर. जर्मनीतलं, एर्लांगेनचं घर रिकामं करून आम्ही कायमचे पुण्याला निघालो होतो. विमान म्युनिकहून, दोन दिवसांनी. तोवर वाटेतल्या एका खेड्यात उतरलो. फ्राऊ लिंडनर नावाच्या आजींचं घर. लाकडी जिन्याने वर गेलं की खोली, सकाळी खाली नाश्ता.

माणसं दोनच. मी आणि हे.

आमची ओवी सहाव्या वर्षी तापाने गेली. एर्लांगेनलाच. त्याला दोन वर्षं झाली होती.

तिन्हीसांजेला दिवा चुकवायचा नाही, हे माझं व्रत. ओवी शेजारी बसायची. जर्मनीतच जन्मलेलं लेकरू. तिला दिवा म्हणजे केकवरची मेणबत्ती! शुभंकरोती संपलं की फू... आणि टाळ्या.

"नोख माल, आई!" पुन्हा लाव म्हणून.

"दिवा फुंकायचा नसतो, बाळा," मी रोज म्हणायची. आणि रोज पुन्हा लावायची.

फ्राऊ लिंडनर दिव्याला आधी साफ नाही म्हणाल्या. खोलीत आग नको. ह्यांनी फार गळ घातली.

"बरं. पण पेटता सोडून जायचं नाही."

खिडकीपाशी निरांजन लावलं. हात जोडले. शुभंकरोती संपलं.

फू...

दिवा विझला.

"अहो, खिडकी?"

"बंद आहे. वात नीट भिजली नसेल गं."

पुन्हा लावला.

फू...

या वेळी ह्यांनीही ऐकलं. नुसते पलंगावर बसले.

सकाळी कॉफी ओतता ओतता फ्राऊ लिंडनर म्हणाल्या, "तुमची छोटी अनवाणी जिन्यावर बसते. लाकूड गार असतं. आजारी पडेल."

ह्यांचा कप बशीवर आपटला.

"हो," मी म्हटलं. "मोजे घालते तिला."

वर आल्यावर हे म्हणाले, "असं का सांगितलंस, सुमेधा?"

"मग काय सांगू? ती नाहीये म्हणून?"

ओवीचे मोजे माझ्या बॅगेतच होते. संध्याकाळी ते दिव्याशेजारी ठेवले.

फू...

मी लावला.

फू...

पुन्हा लावला. किती वेळा, देव जाणे. हे भिंतीला टेकून म्हणत होते, "लाव. अजून एकदा लाव."

काडेपेटीत शेवटची काडी राहिली. त्या काडीने मी दिवा लावला.

आणि सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं... "पुरे गं, ओवी. दिवा फुंकायचा नसतो, बाळा."

बाहेर जिना करकरला. एकदाच.

ज्योत सरळ झाली.

"ओवी? नाही गं रागावले. फुंक ना."

तूप संपेपर्यंत दिवा तेवत राहिला. मग पाहिलं, तर मोजे नव्हते. खोलीत नाहीत. जिन्यावर नाहीत.

आता पुण्यात आहोत. रोज दिवा लावते. खिडकी उघडी असते, पंखा चालू असतो...

तरी ज्योत हलत नाही.

ती इथे आहे आणि माझं ऐकतेय? की तिथेच जिन्यावर राहिली, मोजे घालून?

हे रोज शेजारी येऊन बसतात. काडेपेटी त्यांच्या हातात असते.

मी रोज म्हणते, "फुंक गं बाळा. आई काही म्हणणार नाही."