उरलेला धडा

आमची संस्था मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते आणि मी तिथे मजकूर तपासतो. यंदा वरून फर्मान आलं की इंग्रजी शिकवणाऱ्या वेबसाइट्सचं पेव फुटलंय, विद्यार्थी गोंधळतात, तेव्हा सगळ्यांची भाषा आणि मांडणी ताडून बघा आणि एकच काय ती सुचवा. भाषा माझ्याकडे आली, मांडणी पिक्सेलकडे. पिक्सेल म्हणजे आमच्या डिझायनर बाई. एखादं बटण केसभर सरकलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडते, म्हणून हे नाव. मला सर म्हणतात आणि माझ्याच डब्यातलं खातात.

आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून दोन दोन साइट्स उघडायचो. एक पांढरीशुभ्र, गोल कोपऱ्यांची. उत्तर बरोबर आलं की तिथे एक अस्वल टाळ्या वाजवतं. भाषा आजची, वाक्यं आटोपशीर. अस्वलाच्या शाबासकीने मला काही गुदगुल्या होत नाहीत, पण साइट चांगली होती हे कबूल करायला हवं. दुसरी जाहिरातींनी बुजबुजलेली, तिथे 'पुढे' जायचं बटण दर पानावर नव्या जागी लपलेलं. आणि तिसरी आमच्याच संस्थेची, संस्थेच्याच मशीनवर चालणारी, फार जुनी. केव्हाच निवृत्त झालेल्या एका शिक्षिकाबाईंनी ती केली होती आणि आवाजही त्यांचाच. पिवळ्या पानावर निळी अक्षरं. भाषा तर विचारू नका. कशा आहात म्हणून विचारलं की "आय ॲम क्वाइट वेल, आय थँक यू." कुणाला खुर्ची द्यायची तर "प्रे, टेक धिस चेअर." असं बोलणारी माणसं जाऊन जमाना झाला.

याच साइटवर ही शिकली. ही म्हणजे माझी बायको.

दिव्याखाली अंधार म्हणतात तसं आमच्या घरी होतं. मी दिवसभर इंग्रजी वाक्यं तपासायचो आणि हिला त्यातलं एकही बोलता यायचं नाही. तसं तिचं काही अडलंही नव्हतं. पण मुलगा परदेशी, सून तिकडची, आणि नातीला एक 'आजी' हा शब्द सोडला तर मराठीचा गंध नाही. रविवारी स्क्रीनवर दोघी एकमेकींकडे बघून हसायच्या, हात हलवायच्या, की संपलं. मग एके दिवशी ही म्हणाली, मी शिकते. मी शिकवतो म्हटलं तर म्हणाली, "नवऱ्याकडून गाडी आणि भाषा शिकू नये. संसार मोडतो."

मी तिला अस्वलाची साइट लावून दिली. ती तिने दोन दिवसांत सोडली. मी तोंड उघडायच्या आत ते अस्वल पुढे पळतं, ही तिची तक्रार. मग माझ्या पासवर्डने संस्थेची जुनी साइट लावून दिली. ती थांबायची. त्यात संवादाचा सराव असा आहे की बाई एक वाक्य बोलतात, मग शिकणाऱ्याच्या उत्तरासाठी शांतता, आणि मग बाई म्हणतात, "व्हेरी गुड." पलीकडे ऐकणारं कुणी नाही. तुम्ही चुकीचं बोला, बरोबर बोला, गप्प बसा, "व्हेरी गुड" ठरलेलं. हिला ते ठाऊक होतं, तरी दर वेळी ती खूश व्हायची. भाषणाला उभं राहिल्यासारखी आधी घसा खाकरायची आणि मग एकेक शब्द ठेवायची, अगदी सावकाश. चालायचीही तशीच. गुडघ्याने दावा मांडला होता. टेबलावरून उठली की टेबलाच्या कडेने जायची, फ्रीजला हात टेकून क्षणभर थांबायची, मग दाराकडे.

'पाहुण्यांचं स्वागत' हा धडा तिने पुरा केला. 'पाहुण्यांचा निरोप' तेवढा राहिला. दवाखान्यात जाताना पिशवीत चष्मा टाकत म्हणाली, "एकच धडा उरलाय. आल्यावर करते. मग नातीशी मी एकटी बोलणार, तुम्ही मध्ये तोंड घालायचं नाही."

ती आली नाही. याला आता वर्ष होत आलं. नातीला मुलाने अजून सांगितलेलं नाही. आजी गावाला गेलीय, एवढंच तिला माहीत आहे.

तर त्या दुपारी मी जुनी साइट तपासायला घेतली. उत्तरासाठी कोणती साइट किती वेळ देते, हा तुलनेतला एक मुद्दा होता. बाकीची माणसं जेवायला गेली होती. हेडफोन लावला आणि स्वागताचा धडा सुरू केला, कारण तो मला पाठ होता. "प्रे, टेक धिस चेअर," बाई म्हणाल्या. मग शांतता. ती संपेना. नेट अडकलं असेल म्हणून मी पुन्हा लावलं. शांतता आणखी लांबली, आणि तिच्या मधोमध कुणीतरी घसा खाकरला. मग बाई म्हणाल्या, "व्हेरी गुड."

मी हेडफोन काढून इकडेतिकडे पाहिलं. खोलीत मी एकटाच होतो. मनात काय आलं ते मी मनातच दाबलं. माणूस गेलं की कान असे खेळ करतात, हे मीही चार जणांना समजावून सांगितलेलं आहे.

पिक्सेल आल्यावर त्यांना काही न सांगता ऐकायला दिलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली. रेकॉर्डिंग खराब आहे म्हणाल्या, मध्ये कुणी बाई खाकरतेय, हे काढून टाकायला हवं. त्यांनी लगेच साइटच्या पोटातल्या आवाजाच्या फायली उघडल्या. शिक्षिकाबाईंचं वाक्य एका फायलीत होतं, "व्हेरी गुड" दुसऱ्या. मध्ये फाइलच नव्हती. तेवढा वेळ पान नुसतं थांबतं, आणि सगळ्यांसाठी सारखंच थांबतं. त्यांनी पुन्हा हेडफोन लावून ऐकलं, बराच वेळ. मग तो उतरवून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "सर, हिला अजून बोलणं संपवायचं असतं, तेवढ्यात आपण धडा बंद करतो." कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. त्या दिवशी त्यांनी माझ्या डब्याला हात लावला नाही.

रविवारी मुलाचा फोन आला. नात पडद्यावर आली आणि खुर्चीत ताठ बसून म्हणाली, "हाऊ डू यू डू? आय ॲम क्वाइट वेल, आय थँक यू."

मुलगा मागून हसला. म्हणाला, शाळेतल्या बाईसुद्धा विचारतात ही असं कुठून उचलते, आमच्याकडे कुणी असं बोलत नाही. सगळ्या साइट्स मी नुकत्याच खालीवर करून पाहिल्या होत्या. ते वाक्य त्यांतल्या एकाच जागी होतं, आणि ती जागा आमच्या संस्थेच्या पासवर्डशिवाय कुणाला उघडता येत नाही. मी नातीला इंग्रजीत विचारलं, कुणी शिकवलं? तिने सरळ सांगितलं, आजीने. आजी फार हळू बोलते, म्हणून थांबावं लागतं, हेही सांगितलं.

मुलाचं हसू मावळलं. "बाबा," तो म्हणाला, "तुम्ही तिला आईचं जुनं काही ऐकवता का?"

मी नाही म्हटलं. ते खरंच होतं.

अहवाल द्यायची वेळ आली. जुन्या साइटची भाषा कालबाह्य, मांडणी गचाळ, हे मी लिहिलं, कारण ते तसंच होतं. पण ती शिकणाऱ्यासाठी थांबते, तेव्हा ती चालू ठेवावी, असंही खाली जोडलं. आमच्या संस्थेच्या प्रमुख मॅडमनी मला बोलावून शांतपणे समजावलं की विद्यार्थ्याला आजची भाषा हवी, आणि एका गुणासाठी जुनं मशीन चालवत ठेवणं परवडत नाही. त्यांचं बरोबर होतं. मी मान डोलावली.

बंद व्हायच्या आधी मी साइट घरी एकदा उघडली. संस्थेचा पासवर्ड माझ्याकडे होताच. तिची खुर्ची ओढली, 'पाहुण्यांचा निरोप' वर बोट नेलं. पानावर संवाद छापलेला होता. यजमान विचारतो, आणखी थोडा वेळ थांबणार नाही का? पाहुण्याचं उत्तर असं की नाही, आभारी आहे, उशीर झाला, आता निघायला हवं. मी ते वाचलं आणि बोट मागे घेतलं. उभं आयुष्य मी असल्या गोष्टींची टिंगल केली आहे. पण तो धडा उरलेला असेतो ती कुठे जात नाही, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि तो उरलेलाच बरा, असंही. साइट बंद झाली तेव्हा मला दुःख झालं, पण खोटं कशाला बोलू, थोडं हायसंही वाटलं.

पुढच्या रविवारी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. कॅमेऱ्यात आमची अख्खी खोली येते. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत मी दिसत होतो, शेजारी तिची रिकामी खुर्ची, मागे फ्रीज आणि दार. मुलगा दोन शब्द बोलून आत गेला. नात पुढे आली, हाताची घडी घालून बसली.

"प्रे, टेक धिस चेअर," ती म्हणाली.

ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या शेजारी बघत होती. थोडं थांबली, मग समाधानाने म्हणाली, "व्हेरी गुड."

मी चौकटीकडे पाहिलं. खुर्ची रिकामीच होती.

"विल यू नॉट स्टे अ लिट्ल लाँगर?" नातीने विचारलं.

तो उरलेला धडा होता. तो आता जगात कुठेच नव्हता.

नात थांबून ऐकत राहिली. मग तिने शिक्षिकेसारखी मान हलवली. "नो, आजी. वन्स मोअर."

म्हणजे हिचं उत्तर चुकलं होतं. थांबते म्हणाली असणार. माझे डोळे भरून आले.

नातीने पुन्हा तेच विचारलं. चूक, मी मनात म्हणत होतो. बये, अजून एकदा चूक.

माझ्या शेजारी कुणीतरी घसा खाकरला.

नात ऐकत होती. कितीतरी वेळ.

"व्हेरी गुड," ती म्हणाली.

मग तिने हात हलवला, मला नाही. तिची नजर खुर्चीवरून उठली आणि टेबलाच्या कडेने दाराकडे सरकू लागली, अगदी सावकाश. मध्ये फ्रीजपाशी ती क्षणभर थांबली, आणि मग पुढे गेली.