अकरावं मिनिट

दादाची गाडी पत्राकाम होऊन माझ्याच गॅरेजात आली. सोमवारपासून वहिनी ती पोरीच्या शाळेसाठी चालवणार होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "भाऊजी, त्या दिवशी गाडी आपोआप बंद पडली होती का हो?"

"छे, वहिनी," मी बिनदिक्कत म्हणालो.

इंधनाचा पंप सतत पूर्ण जोरात चालत नाही. पाय दाबला की कंट्रोलर पंपाला जास्त वीज देतो, दाब वाढतो. पाय काढला की कमी. दादाच्या गाडीला तो कंट्रोलर मीच बसवला होता. त्या सकाळी नऊच्या सुमारास घरून त्याचा फोन आला, "अरे, ही मधेच दम तोडतेय." टोचन लावून आणायची सोडून मी म्हणालो, "काही होत नाही रे, ये चालवत." पुलाच्या वळणावर गाडी थांबली आणि मागून ट्रक आला. दादा जागीच गेला. मला रडू आलं नाही. अजून येत नाही.

आता नवा कंट्रोलर टाकला. नळीला दाबमापक जोडून इंजिन सुरू केलं. गाडी जागेवर उभी, पेडलवर पाय नाही. काटा साडेतीनवर ठाम.

नऊ वाजून दहा मिनिटांनी काटा हलला. वर, खाली. मग लागोपाठ दोन झटके. चढ आला की दादा असाच दोनदा पाय मारायचा. "बैल आहे का ती?" म्हणून मी चिडवायचो. तिथून अकराव्या मिनिटाला काटा शून्यावर आला, इंजिन बंद पडलं.

दुसऱ्या दिवशी पंपाचा फ्यूज काढून ठेवला. तरी तेच.

रविवारी दाबमापकच सोडवला आणि बाकावर ठेवला, कशालाही न जोडता. नऊ दहा. वर, खाली, दोन झटके. अकराव्या मिनिटाला शून्य.

दादाच्या घरापासून पूल अकरा मिनिटांवर आहे. माझं गॅरेज चौदा.

संध्याकाळी वहिनींकडे गेलो. त्या पोरीच्या वहीला कव्हर घालत होत्या.

"गाडी बंदच पडली होती, वहिनी. मीच त्याला चालवत ये म्हणालो."

"माहितीये," त्या मान वर न करता म्हणाल्या. "फोन स्पीकरवर होता. तुम्ही कधी सांगताय, तेवढंच बघत होते. पोर चालत जाईल शाळेत."

आज सोमवार. नऊ दहाला काटा हलला.

अकराव्या मिनिटाला पडला नाही.

चौदाव्या मिनिटाला साडेतीनवर येऊन थांबला.

दादा कधी हॉर्न वाजवायचा नाही. मी बाहेर येईपर्यंत इंजिन चालू ठेवून गॅरेजच्या फाटकाशी थांबायचा.

सव्वादहा झालेत. काटा अजून साडेतीनवरच आहे.