भिडूचा टप्पा

वाचून कोणी हसलं तरी माझी हरकत नाही. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मीही हसले असते. पण यातला शब्द न् शब्द माझ्या घरात घडलाय. आणि ज्यांच्यासोबत घडला ते आमचे हे, मी हे लिहितेय तेव्हा, गाडी घेऊन रस्त्यावर आहेत.

मी घरी शिवणकाम करते. दिवस मशीनवर जातो. भुताखेतांच्या गप्पा मारायला मला वेळही नाही आणि हौसही नाही.

हे ट्रक चालवतात. गाडी आमची स्वतःची, जुनी. लांबच्या फेरीला गाडीवर दोघं असतात. एक चालवतो, दुसरा सीटमागच्या फळीवर पडदा ओढून झोपतो. ठरलेला टप्पा आला की अदलाबदल. यांच्या जोडीदाराला हे भिडू म्हणायचे, म्हणून मी भिडूभावजी म्हणायची. त्यांनी लग्न केलं नव्हतं. गाडी घरी आली की जेवायला आमच्याकडेच असायचे.

यांचं तोंड एकदा सुरू झालं की थांबायचं नाही. भिडूभावजी नुसते "हं" म्हणायचे. मी चिडवायची, "भावजी, यांना हो म्हणायला तुम्ही आणि नाही म्हणायला मी. बरी वाटणी झालीय."

त्यावरही ते "हं" म्हणायचे.

ती रात्र थंडीची होती. हे चालवत होते, भावजी मागे झोपले होते. डोळा लागू नये म्हणून हे नेहमीसारखे बोलत होते. भावजींचा टप्पा आला. यांनी हाक मारली नाही. भावजींना दोन दिवस कणकण होती. "झोपू दे बिचाऱ्याला, याचा टप्पा मीच ओढतो," असं म्हणून हे पुढे निघाले.

उजाडल्यावर यांनी गाडी बाजूला घेतली. पडदा सरकवला...

भावजी गार पडले होते.

यांनी तशीच गाडी पळवली. पाण्याचा पाइप फुटला, इंजिन तापलं, काटा लाल पट्टीत गेला. यांनी बघितलंच नाही. दवाखान्याच्या फाटकात इंजिन जाम झालं ते झालंच. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेलेत, मध्यरात्रीच्या सुमाराला.

म्हणजे अर्धी रात्र हे मेलेल्या माणसाशी बोलत होते.

आणि हे शपथेवर सांगतात...

मागून पहाटेपर्यंत "हं" येत होतं.

गाडी ओढून आणली आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावली. त्या दिवसापासून हे बोलायचे बंद झाले. बडबडीला वैतागणारी मी, "काहीतरी बोला हो" म्हणून मागे लागायची. ताटातलं ताटातच राहायचं. भिंतीकडे बघत बसायचे. माणूस माझ्या डोळ्यांदेखत संपत चालला होता, आणि मला काही सुचत नव्हतं.

मग एके दिवशी यांनी कुठून तरी चेन पुली आणली आणि इंजिन खाली उतरवलं. "मीच बांधतो," म्हणाले.

मला इतकं बरं वाटलं की मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

इंजिन उलटं करून लोखंडी स्टँडवर ठेवलं होतं. पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळं नवं आणलं. जुने बोल्ट डिझेलमध्ये घासून जुन्या चादरीवर ओळीनं मांडले. चादर माझी चांगली होती, पण मी चकार शब्द काढला नाही.

एका दुपारी मी चहा घेऊन शेडकडे गेले. आतून यांचा आवाज येत होता.

मोकळा, पूर्वीसारखा.

"...तेव्हा मी त्याला म्हटलं, माल ओला निघाला तर तुझा तू बघ. बरोबर ना?"

मग थोडा वेळ शांतता...

"तेच तर म्हणतोय मी."

मी दाराशी थांबले. आत हे एकटेच होते. हातात पाना, तोंडावर हसू.

"आणि लक्षात आहे ना भिडू," हे म्हणाले, "तुझ्याकडे माझा एक टप्पा बाकी आहे. फुकट नाही सोडणार."

मी कप दाराशीच ठेवून परत आले. वाटलं, मन मोकळं करतोय माणूस. करू दे. गप्प बसण्यापेक्षा बरं.

या दोघांची कामाची एक पद्धत होती. महत्त्वाचा बोल्ट एकाने आवळायचा, दुसऱ्याने त्यावर पाना लावून बघायचा आणि मग त्याच्या डोक्यावर खडूची रेघ मारायची. रेघ नाही, तर बोल्ट झालेला नाही. खडू माझाच असायचा. कापडावर खुणा करायचा निळा. भावजी हळूच माझ्या डब्यातून उचलायचे आणि मी हळूच बघायची.

यांनी क्रँकचे बोल्ट आवळले त्या दिवशी रेघ मारायला दुसरं कोणी नव्हतं. "उद्या मीच पुन्हा एकदा बघेन," असं म्हणून हे घरात आले.

सकाळी मला खडू सापडेना. मशीनचा खण उपसला, डबा उलटा केला. शेवटी शेडमध्ये गेले.

खडू इंजिनाच्या कडेवर होता...

आणि बोल्टांच्या डोक्यांवर निळ्या रेघा होत्या.

डोकी आधी फडक्यानं पुसलेली, मग रेघ. एकसारखी, आखूड, जरा तिरकी.

मी यांना हाक मारली. "खडू घेताना निदान सांगत जा."

हे आले, बघत राहिले. "तू मारल्यास?"

"मी कशाला मारू? मला यातलं काय कळतं?"

"मी पण नाही मारल्या."

मग हे वाकले आणि एकेक बोल्टावरून बोट फिरवत गेले. कोपऱ्यातल्या एका बोल्टाशी बोट थांबलं.

त्याच्यावर रेघ नव्हती.

यांनी पाना लावला. जरा जोर दिला...

बोल्ट फिरला.

तो सैल होता. तसाच राहिला असता तर भर रस्त्यात इंजिन आतून फुटलं असतं. हे खाली बसले आणि ओंजळीत तोंड घेऊन हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी. "सोडत नाही बघ मला," म्हणाले.

मी मात्र तो खडू डब्यात परत ठेवला नाही. नवा आणला.

मदतीला ओळखीचा गॅरेजवाला आला आणि इंजिन गाडीत चढवलं. राहिलं होतं डिझेलच्या नळ्यांतली हवा काढायचं काम. त्याला दोन माणसं लागतात. एक खाली नळीचा नट सैल करतो, दुसरा वर बसून स्टार्टर मारतो. यांनी मला वर बसवलं.

टळटळीत दुपार होती. केबिनमध्ये डिझेलचा आणि बंद खोलीचा वास. माझ्या पाठीमागे पडदा होता, ओढलेला.

"मार," हे खालून म्हणाले. मी स्टार्टर मारला. इंजिन कण्हलं आणि थांबलं.

"थांब... आता मार."

पुन्हा तेच. त्या मधल्या शांततेत, माझ्या अगदी पाठीशी...

फळी करकरली.

झोपलेल्या माणसानं कूस बदलावी तशी. सावकाश, अंगाच्या वजनानं.

"मार गं," खालून आवाज आला.

माझा हात आपोआप फिरला. इंजिन धडधडलं, काळा धूर सोडला आणि लागलं. पहिल्यांदा अडखळत, मग एका सुरात. हे खाली उड्या मारत होते. मी जीव मुठीत धरून पडदा सरकवला.

फळीवर कोणी नव्हतं.

गादी मात्र मधोमध दबलेली होती. मी हात लावला.

गरम होती.

मी खाली उतरले. यांचा चेहरा पाहिला. कित्येक महिन्यांनी माणूस जिवंत दिसत होता. तोंडाला, कपाळाला काळं लागलेलं आणि अखंड बडबड चाललेली. गादीचं मी यांना सांगितलं नाही.

पहिली फेरी ठरली तेव्हा म्हटलं, "एकटे जाऊ नका. नवा जोडीदार बघा."

"बघू," म्हणाले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी फोन केला. बराच वेळ वाजला. मग यांनी उचलला. आवाज जड होता.

"झोपला होतात का?"

"हं... डोळा लागला होता."

"बरं झालं. गाडी सावलीत लावलीय ना?"

मला फोनमधून गाडीचा आवाज ऐकू येत होता. मी ट्रकवाल्याची बायको आहे. उभ्या गाडीचं इंजिन कसं वाजतं आणि माल भरून चढ चढणारं कसं वाजतं, हे मला कोणी शिकवायला नको. इंजिन ओढत होतं. मग क्लच दाबला गेला...

गिअर बदलला.

"अहो," मी म्हटलं, "गाडी चालू आहे."

"असणारच की."

"मग चालवतंय कोण?"

यांनी आवाज खाली आणला.

"त्याचा टप्पा आहे. ठेव आता. मला झोपू दे."

फोन बंद करायचं यांना भान राहिलं नसावं. मी कानाला लावूनच उभी होते. काही वेळानं यांचं घोरणं ऐकू आलं. इंजिनाची घरघर. आणि त्या दोन्हींच्या मध्ये, थोड्या लांबून...

"हं."

फोन कधी कापला गेला ते मला आठवत नाही.

हे सुखरूप परत आले. बाकीचे ड्रायव्हर फेरीवरून येतात तेव्हा डोळे लाल, अंग आंबलेलं. आमचे हे ताजेतवाने होते, गालावर उशीची घडी उमटलेली. मी सरळ विचारलं. यांनीही सरळ सांगितलं, "त्यात वाईट काय आहे? त्याचा टप्पा बाकी होता, तो फेडतोय."

"एकच होता ना? झाला की मग."

हे टॉवेल घेऊन आंघोळीला निघून गेले.

मी म्हटलं, गाडी विकू या. तर पुन्हा तसेच गप्प झाले. तीच भिंत, तेच भरलेलं ताट. मी घाबरले आणि विषय सोडला. पुढच्या फेरीला निघाले तसं यांचं तोंड पुन्हा सुरू झालं.

आता कितीतरी फेऱ्या झाल्या. सुरुवातीला हे एक टप्पा झोपायचे. मग दोन. हल्ली माल उतरला की पडद्यामागे जातात ते घरी येईपर्यंत उठत नाहीत. मला म्हणतात, "अशी झोप मला उभ्या जन्मात लागली नव्हती. कोणी उठवूच नये असं वाटतं."

अपघाताची भीती मला वाटत नाही. भिडूभावजींचा हात चांगला होता. गाडी ते माझ्या दारापर्यंत नीट आणतील. मला भीती वाटते ती त्या फळीची. यांनी दया येऊन त्यांना उठवलं नव्हतं. त्यांनाही यांची दया आली आणि त्यांनी यांना उठवलंच नाही तर?

गाडी दाराशी थांबते. इंजिन बंद होतं. मी मशीनवरचा पाय काढते आणि कान देऊन बसते.

केबिनचं दार उघडायला हल्ली पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो.