केसाचा आठवा भाग

खरं तर तिला हातमोजे आणायला पाठवलं होतं. पण त्या कंपनीत अकरा शेड, प्रत्येक शेडला चार दारं, आणि अप्रेंटिस म्हणून तिचा तो तिसराच दिवस. स्टोअर समजून तिनं जे दार ढकललं, ते मोजमापाच्या खोलीचं निघालं.

“आधी दार लावा! गारवा पळतोय.”

आवाजामागून एक मुलगा आला. पांढरा कोट, कानामागे पेन्सिल, आणि सगळ्या जगाला काहीतरी समजावून सांगायचं आहे असा चेहरा. त्या चेहऱ्यामुळेच सगळे त्याला ‘मास्तर’ म्हणायचे, हे तिला पुढे कळलं. तोही तिच्याच तुकडीतला अप्रेंटिस होता, फक्त दोन आठवडे आधी रुजू झालेला.

“हातमोजे हवे होते,” ती पुटपुटली.

“हात मोजून हवेत? देतो की. करा पुढे.”

आणि तिनं — का कुणास ठाऊक — खरोखरच हात पुढे केला. डावा.

“डावऱ्या आहात?”

“हो. काही अडचण?”

“छे छे. मापाला डावं-उजवं कळत नाही.” त्यानं तिचा हात धरला नाही. नुसता पाहिला, आणि पेन्सिलीनं दाराकडे खूण केली. “स्टोअर समोर. पण परत येताना चुकलात तरी चालेल...”

ती स्टोअरपर्यंत हसत गेली, आणि हसतेय हे लक्षात आल्यावर स्वतःवरच चिडली.

तिचे बाबा सायकली दुरुस्त करायचे. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. लहानपणापासून चाकाचा बाक नुसत्या बोटानं ओळखणारी ही मुलगी डिप्लोमा करून एवढ्या मोठ्या कंपनीत लागली, तेव्हा बाबांनी गिऱ्हाईकांचं डोकं खाल्लं होतं. “वर्षभर शिकायचं, मग पक्की नोकरी,” ते सांगायचे. अठरा अप्रेंटिसांतून चौघांनाच पक्कं करतात, हे ते सांगायचे नाहीत.

तिला ग्राइंडिंगच्या मशीनवर टाकलं. पंपाचे दांडे घासून ठरलेल्या मापाला आणायचे. डायल लावलेलं एक यंत्र असायचं. रोज सकाळी मोजमापाच्या खोलीतून एक पोलादी नमुना आणायचा — त्याला ‘मास्टर’ म्हणत — त्यावर डायलचा काटा शून्यावर बसवायचा, आणि मग दिवसभर प्रत्येक दांडा त्या शून्याशी ताडून पाहायचा. मास्टर द्यायचं काम मास्तरकडे. यावरून शेडमध्ये जे विनोद झाले, ते सांगण्यात अर्थ नाही.

पहिल्यांदा ती ताजा घासलेला दांडा घेऊन त्याच्याकडे गेली, तेव्हा त्यानं तो बाजूला ठेवून दिला.

“गरम आहे. गरम असताना मोजलं की माप खोटं येतं.”

“मग?”

“मग थांबायचं. अर्धा तास.” तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, “माझा नाइलाज आहे. नियम आहे.”

“आणि मी काय करू अर्धा तास?”

“तुम्हीही गारच व्हा. फार तापलेल्या दिसताय.”

त्या नियमाचं दोघांनी पुढे सोनं केलं. फोरमनकाका डोळे मिचकावून म्हणायचे, “डावरे, तुझे दांडे इतरांपेक्षा जास्त गरम होतात का गं?” ती मान खाली घालून मशीन पुसत बसायची.

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं. कंपनीच्या बसमध्ये तो मागच्या बाकावर जागा धरून ठेवायचा. तिच्या बोटांना तेलाचा वास यायचा — कितीही घासली तरी न जाणारा. एकदा ती हात ओढणीखाली लपवत होती, तर तो म्हणाला, “लपवू नकोस. आमच्या खोलीत सगळं इतकं स्वच्छ असतं, की कुणी काम केलंय असं वाटतच नाही...” आणि खिडकीबाहेर पाहू लागला. बाहेर पाहण्यासारखं काहीच नव्हतं. एक लांबलचक भिंत होती. तीही कंपनीचीच.

घरी ताईनं ओळखलंच. “कोण आहे गं तो?”

“कोण कोण?”

“ज्याच्यासाठी तू तेलकट कामाला इस्त्री करून जातेस, तो.”

दहाव्या महिन्यात माशी शिंकली.

तिनं केलेले दोनशे दांडे जुळणीच्या शेडमधून परत आले. बेअरिंगमध्ये सैल बसत होते. फरक केवढा — केसाच्या आठव्या भागाएवढा. पण पंपाला तेवढा पुरतो. सगळे बाद. भंगार.

 चौकशी झाली. टेबलाच्या एका बाजूला मोठे साहेब, मोजमापाच्या प्रमुख बाई आणि फोरमनकाका. दुसऱ्या बाजूला ती एकटी.

“मास्टर बरोबर होता का?” साहेबांनी विचारलं.

बाईंनी मास्तरला बोलावलं. त्यानं रजिस्टर उघडून दाखवलं. “मास्टर क्रमांक तीन. तपासला. बरोबर आहे.” खाली त्याची सही होती.

“म्हणजे शून्य लावण्यातच चूक,” साहेब म्हणाले. “सेटिंग करताना हात हलला असणार. डावरी आहे ना ही?”

 तिला आठवत होतं, रोज सकाळी तिनं काटा तीन-तीनदा पाहिला होता. पण सही होती, दोनशे दांडे होते, आणि पोलाद खोटं बोलत नाही, असं तिला तोपर्यंत वाटत होतं. तिच्या कागदावर शेरा पडला — ‘मापात निष्काळजी’. पक्क्या नोकरीच्या यादीतून नाव गेलं ते वेगळंच.

त्यानंतरचा महिना तिला मास्तरनं सांभाळलं. बसमध्ये ती रडायची, तो रुमाल द्यायचा. “चूक सगळ्यांकडून होते गं,” तो म्हणायचा. “एवढं मनाला लावून घेऊ नकोस.” एकदा तर म्हणाला, “उजव्या हातानं सेटिंग करून बघ ना... सवय होईल.” आणि तिनं केलं. घरी बाबांच्या दुकानात बसून ती उजव्या हातानं नट फिरवायला शिकू लागली. बाबा पाहत राहिले.  मग तिच्या हातातला पाना काढून घेतला आणि डाव्या हातात दिला.

वर्ष संपलं. चौघांच्या यादीत मास्तरचं नाव पहिलं होतं.

त्या संध्याकाळी बस सुटल्यावरही दोघं गेटसमोरच्या बाकावर बसून राहिले. तिच्या मनात हेवा नव्हता. खरोखर नव्हता. आपल्या दोघांतलं एक तरी तरलं, असंच तिला वाटत होतं.

“मला काहीतरी विचारायचंय,” तो म्हणाला.

“विचार.”

“माझ्याशी लग्न करशील?”

तिनं लगेच उत्तर दिलं नाही. ते क्षण तिला पुरवून पुरवून हवे होते. मग हळूच म्हणाली, “इतका वेळ लावलास... मला वाटलं, हाही दांडा गार व्हायची वाट बघतोयस.”

तो हसला नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“मग आधी एक सांगायला हवं. तुझ्याशी खोटं बोलून संसार नाही करायचा मला.” तो जमिनीकडे बघत भराभरा बोलू लागला. “तीन नंबरचा मास्टर... माझ्या हातून पडला होता. तुझे ते दोनशे दांडे सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. टवका उडाला, कड वर आली. बाईंना सांगितलं असतं तर माझ्या कागदावर शेरा पडला असता. म्हणून मी बारीक कागदानं घासून गुळगुळीत केला. थोडासाच... मला वाटलं नव्हतं, एवढा फरक पडेल.”

ती ऐकत राहिली. समोरच्या रस्त्यावर एक माणूस ढकलगाडी थांबवून चाकात अडकलेली दोरी सोडवत होता. तिनं त्याची दोरी सुटेपर्यंत पाहिलं.

“चौकशीत तू सही दाखवलीस.”

“माझ्या घरी चार खाणारी तोंडं आहेत. बाबा अंथरुणावर. तुला माहितीये सगळं.”

“माहितीये.”

“आणि आता नोकरी आहे ना! माझी म्हणजे आपलीच. तू घरी बस, नाहीतर दुसरीकडे बघ, मी—”

“तू मला उजव्या हातानं काम करायला सांगितलंस,” ती म्हणाली.

त्याचा हात सवयीनं खिशातल्या रुमालाकडे गेला.

“मास्टर पडला ते मी विसरले असते रे. सहीसुद्धा... कदाचित. पण महिनाभर मी माझ्या हाताकडे चोर असल्यासारखं बघत होते. तू शेजारी बसून ते पाहिलंस, आणि रुमाल देत राहिलास.” ती उठली. “सोमवारी आपले अप्रेंटिसचे कागद बंद होतात. तोपर्यंत काकांना सांग. तू स्वतः.”

“आणि सांगितलं तर? हो म्हणशील?”

“ते माहीत नाही. पण न सांगितलंस तर काय, ते माहीत आहे.”

सोमवारी ती गेटशी उभी राहिली. पक्क्या कामगारांच्या नव्या निळ्या शर्टात तो आला. तिला पाहून क्षणभर थांबला. “थोडा वेळ दे गं...” एवढंच म्हणाला, आणि गर्दीबरोबर आत गेला.

मग ती फोरमनकाकांकडे गेली. काकांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तिला घेऊन मोजमापाच्या खोलीमागच्या, बाद वस्तूंच्या कपाटाशी गेले. तीन नंबरचा मास्टर तिथंच होता — चौकशीनंतर आठव्या दिवशी ‘झिजला’ म्हणून टाकलेला. बाईंनी तो स्वतः मोजला. केसाच्या आठव्या भागानं लहान.

“चौकशीत बरोबर ठरलेला मास्टर आठच दिवसांत झिजतो कसा, हे मीच तेव्हा विचारायला हवं होतं,” काका म्हणाले. त्यांनी कागद पुढे ओढला. “आता ऐक, पोरी. हे लिहिलं तर त्याची नोकरी जाईल. तुझा शेरा पुसला जाईल, पण त्याची जागा यादीतल्या पुढच्याला जाईल. नोकरी तुलाही मिळणार नाही. लिहू?”

तिला वाटलं होतं, आपण ‘नको’ म्हणू. तो घरी जाऊन काय सांगेल, अंथरुणावरचे बाबा कुठं बघतील, सगळं डोळ्यांपुढे आलं. 

“लिहा,” ती म्हणाली.

दुसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला. 

“माझ्यावर प्रेम होतं ना तुझं?”

“होतं.”

“मग असं कसं केलंस?”

“म्हणून तर आधी तुला सांगितलं,” ती म्हणाली. “नाहीतर सरळ काकांकडे गेले असते.”

पलीकडे तो रडत होता. तिनं फोन ठेवला नाही. आत बाबा कुणाच्यातरी सायकलीचं चाक फिरवून बघत होते, त्याची टिकटिक येत होती. पलीकडचं रडणं थांबेपर्यंत ती ऐकत राहिली... आणि मग, “जेवून घे,” एवढं म्हणून तिनं फोन बंद केला.