ऐकणाऱ्या खुंट्या

मावळात शेतात खुंटी दिसली की आधी ती उपटतात, मग कशाची ते विचारतात. परंदवडीच्या सार्थकनं तेच केलं. भात निघालेल्या आपल्या खाचरातून मूठभर खुंट्या उपटून तो सर्वेक्षण पथकाच्या प्रतीक्षासमोर, देहूरोडच्या मॅडमसमोर, उभा राहिला.

"मॅडम, जमीन इकायची न्हाई आमाला."

"घेतंय कोण? या ऐकायच्या खुंट्या आहेत. तेल शोधतोय आम्ही."

मग तिनं समजावलं आणि त्यानं ऐकलं... म्हणजे बघितलंच जास्त. पथकाचा ट्रक जमीन थरथरवतो. ती थरथर खाली जाते, थराथरावर आपटून परतते, खुंट्या ती टिपतात. वरचा काळा पाषाण बराच आवाज गिळतो. पण त्याखाली भोकाभोकांचा वाळूचा दगड असेल, त्यावर घट्ट झाकण असेल, तर तेल तिथं अडकून बसतं.

"मंग हाय का तेल?"

"खुंट्या नुसती घडण सांगतात. तेल आहे की नाही, ते खोदल्यावरच कळतं."

दुसऱ्या दिवसापासून सार्थक खुंट्या ठोकायला हजर. मजुरी मागितली नाही, तेव्हाच गाव काय ते समजलं; परंदवडीत फुकट कोण वाकतंय? आधी चहा आला, मग भाकरी, मग मॅडमना सोसेल असा ठेचा. 'अहो'चं 'अरे' झालं, 'मॅडम'ची 'तू' झाली. मुद्द्याचं मात्र कुणी बोलेना.

अन् खुंट्यांची शेवटची ओळ उरली. उद्या पथक निघणार. म्हशींनी ओळीत शिरून दोनदा घोळ घातलेला, म्हणून आज त्या बांधून ठेवलेल्या. आज बिघडलं तर ही ओळ कायमची राहिली. नियम एकच — शिट्टीपासून शिट्टीपर्यंत बोलायचं नाही, हलायचं नाही. पाऊलसुद्धा खुंट्यांना ऐकू जातं.

पथकातल्या एकाची शिट्टी तोंडाशी गेली, तेवढ्यात सार्थक हळूच म्हणाला, "खोदल्याबिगर कळत न्हाई म्हणालीस ना... लगीन करशील माज्याशी? नकार असंल तर एक पाऊल टाक."

शिट्टी वाजली.

ट्रक घुमला, थरथर तळव्यांतून वर चढली. प्रतीक्षानं डोळे तेवढे वटारले. वाऱ्यानं बट ओठांवर आली, ती तशीच राहू दिली.

दुसरी शिट्टी. पडद्यावर काळ्या पाषाणाखालचा थर लख्ख उमटला. सगळ्या पथकानं टाळ्या पिटल्या.

"हाल्ली न्हाईस," सार्थक म्हणाला. "ठरलं मंग."

"लबाड आहेस. तेव्हा हलता येत नव्हतं."

"आता येतंय की... टाक."

ट्रक बंद झाला. माणसं खुंट्या गोळा करत पांगली. म्हशीही मोकळ्या सुटल्या. सगळं शिवार हललं —

प्रतीक्षा तेवढी जागची हलली नाही.