तुळशीरामाचा बांध

शुद्धलेखनाच्या चुका असतील, शब्दही साधेच आहेत. शाळा आठवीतच सुटली, तेव्हा सांभाळून घ्या. गोष्ट केतनची आहे, घडली तशी सांगतो.

चरीच्या शेतकरी संपात गावातले जे जे होते, त्यांच्या नावांचा फलक लागणार होता. केतन घरोघर फिरून नावं वहीत उतरवत होता. अडला तो स्वतःच्याच पणजोबांपाशी. खोताची, म्हणजे जमीनदाराची, जमीन नांगरायची नाही असा तो संप. तुळशीराम संपात होता, पण एका संध्याकाळी तो खोताच्या शेताकडून फावडं घेऊन येताना दिसला आणि फितूर ठरला. त्याची लेक सोनाबाई, केतनची आजी, आता पंच्याऐंशीची.

"फितुराची पोर म्हणून जन्म गेला माझा," ती केतनला म्हणाली. "त्याचं नाव घालू नको. परत तोंडं उघडतील."

अमावास्येच्या उधाणाला, भर दुपारी, केतन ती जागा बघायला खोताच्या खारबांधावर, खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधावर, गेला. बांधातून पाणी वळवळत आत येत होतं. बांध फुटून खांड पडायला लागली होती. जुनी रीत अशी, की खांड पाहील त्याने हाक द्यायची आणि ऐकेल त्याने यायचंच, वैरी असला तरी. केतनने लाजत हाक दिली. शेती ओस, पोरं कंपनीत. येणार कोण?

एक माणूस आला. चिखलाने माखलेला, अंगाला कुजल्या तिवराचा वास. तो डावीकडून चिखलाचे गोळे थापू लागला. केतन उजवीकडून थापत होता.

"कुणाचा रं तू?"

"तुळशीरामाचा... पणतू."

त्या माणसाचे हात थांबले. पाण्याचा आवाजही थांबला.

"संप नांगराचा व्हता," तो हळूच म्हणाला. "बांधाचा न्हाय. बांध खोताचा, पन पाणी गावात शिरलं असतं... हाक दिली व्हती मी. कुणीच आला न्हाय."

केतनने मान वर केली. समोर कोणी नव्हतं. खांड बुजली होती, आणि छातीवरचं ओझं उतरलं होतं.

सकाळी तो सोनाबाईला कालचं सगळं सांगून, हाताला धरून बांधावर घेऊन गेला. खांडीची उजवी बाजू ओली होती, केतनच्या बोटांचे ठसे ताजे होते. डावी बाजू सुकून टणक झाली होती, वर गुडघाभर गवत, मुळं खोल गेलेली.

सोनाबाईने गवतात हात घालून माती चाचपली. बराच वेळ हात काढला नाही.

"बाच्या हातावानी गरम हाय रे," ती म्हणाली.

केतनने तिथेच बसून वहीत तुळशीरामाचं नाव लिहिलं.