खडकगडच्या किल्लेदारांचा पाय

"बाईसाहेब, बारवेचं पानी गाळल्याबिगर पिऊ नगा!" गेल्या उन्हाळ्यात खडकगड चढण्याआधी सुईण तानाईने बजावलं होतं. साळूबाईंनी ते हसण्यावारी नेलं आणि यजमानांच्या हातीही तोच तांब्या दिला.

आज बुरुजांवर तांबडं फुटत असताना, पायथ्याच्या मोगली मोर्च्यांतून धूर वर चढत असताना, तान्ह्या लेकाला तानाईकडे सोपवून साळूबाई सदरेवर धावल्या. तिथे त्यांचे यजमान, किल्लेदार रायाजीराव, मान खाली घालून बसले होते. घोट्यावरची कातडी काळी पडून चिघळली होती, आणि दुर्गंधी अशी, की शिबंदीचे राकट गडीही नाकाला शेले लावून मागे सरकले होते.

"महारोग हा," सबनीस अंताजीपंत अदबीने म्हणाले. "रावसाहेबांनी किल्ल्या आमच्या हवाली करून गड उतरावा. रिवाजापुढे आमचा नाइलाज."

"पायाला औषध कोणी लावलं?" साळूबाईंनी विचारलं.

"आम्हीच. आठ दिवस सेवा केली."

"तुमच्या सेवेला बिब्ब्याचा वास येतो, पंत! कातडी जाळलीत ती त्यानेच."

"बाईसाहेब, ही सदर आहे, माजघर नव्हे."

"म्हणून तर इथे झाकपाक नको."

त्यांनी चिघळलेल्या जागी नख रुतवलं. रायाजीराव कळवळून ओरडले.

"महारोगात कातडी बधिर होते. ही तर निखाऱ्यासारखी जळतेय. घंगाळभर गार पाणी आणा!"

नाकाला पदर बांधून त्यांनी पाय पाण्यात दाबून धरला. काळ्या सालीखालचा फोड फुटला, दुधासारखी घाण पाण्यात पसरली आणि तिच्यातून शेवईसारखं पांढरं टोक वळवळत बाहेर आलं.

"आरं, नारू हाय ह्यो! बारवेच्या पान्यातला किडा!" शिबंदी गरजली.

कोणी पुढे येईना. साळूबाईंनीच ते बुळबुळीत टोक चिमटीत धरलं आणि काडीला हलकेच गुंडाळलं. तुटलं असतं तर पाय आतून सडला असता. पंत जिन्याकडे सटकत होते. पहारेकऱ्यांनी धरलं, तर कमरेला मोगलांचा कौल, अभयाचा कागद, निघाला: दुपारी दरवाजा उघडायचा!

पंतांना बेड्या पडल्या. अठरा दिवस बोट-बोट नारू निघत राहिला, रायाजीराव बाजेवरूनच तट लढवत राहिले आणि गड राहिला. साळूबाईंना मात्र एकच सल उरला. वासाची किळस आली, बाळाची धास्ती वाटली, म्हणून आठ दिवस त्यांनीच नवऱ्याला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. पाय एकदाही पाहिला नव्हता.

बायांनो, तुमच्या घरी कोणी पाय पांघरुणात दडवून वेगळं निजत असेल, तर हवा तर पदर नाकाला लावा, पण आजच पांघरूण काढून तो पाय बघा.